ख्रिसमस ट्री आडवा का वाढतो, पाइनची फळी का वाकते: हार्मोनच्या बाबतीत या चुका टाळा

"अरोकेरियाचं (म्हणजे कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीचं) खोड काडीसारखंच राहिलंय, कुठलं हार्मोन मारू?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच, आणि मी सगळ्यांना सांगते की आधी ती बाटली खाली ठेवा. पाइन, देवदार, अरोकेरिया या सगळ्या सूचिपर्णी झाडांत ऑक्झिन हे वाढीचं हार्मोन मुख्यतः कोवळ्या शेंड्यांत तयार होतं आणि सालीच्या आतला जो कॅम्बियमचा पातळ थर असतो तिथून खाली उतरतं, आणि त्याच्या जोरावर तिथल्या पेशी विभागत राहतात, आतल्या बाजूला लाकूड, बाहेर साल. स्वीडनमध्ये उमेओच्या संशोधकांनी १९९६ मध्ये स्कॉट्स पाइनच्या खोडाचे एकदम पातळ काप काढून ऑक्झिन मोजलं, तर सगळ्यात जास्त बरोब्बर विभागणाऱ्या पेशींपाशी आणि दोन्हीकडे झपकन कमी. म्हणजे हार्मोन किती आहे एवढंच बघून चालत नाही, ते नेमकं कुठे आहे हेही बघावं लागतं.

म्हणून मुळं फुटायची पावडर खोडाला चोळू नका, तिच्यात ऑक्झिनच असतं. बाहेरून जास्तीचं ऑक्झिन दिलं की सूचिपर्णी झाड बऱ्याचदा वेगळंच लाकूड बनवतं, लालसर, जड, लिग्निन (लाकडाला कडक करणारा घटक) जास्त असलेलं. झाड कललं की खालच्या बाजूला हेच लाकूड तयार होतं आणि खोडाला वर ढकलतं, झाडासाठी ते फार कामाचं आहे, पण फर्निचरसाठी डोकेदुखी. साधं लाकूड वाळताना लांबीत ०.१ ते ०.२ टक्के आकसतं, हे मात्र १ टक्क्याच्याही वर जाऊ शकतं. आता ६ फुटी फळीचा हिशोब करा, एक कड सूतभर आखडते आणि दुसरी पाऊण इंच आखडायला बघते, मग बाक येणारच, त्यात सुताराचा काय दोष! पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन घेताना फळीचं टोक बघा, एका बाजूची वर्तुळं रुंद आणि तपकिरी-लाल दिसली तर ती फळी शेल्फसाठी घेऊच नका.

अभ्यास करणाऱ्यांसाठी एक सांगते, "कललेल्या खोडात ऑक्झिन खाली साचतं म्हणून लाल लाकूड होतं" असं सरळ लिहून मोकळं होऊ नका. २००४ मध्ये उमेओतच कललेल्या पाइनमध्ये प्रत्यक्ष मोजलं तेव्हा खालच्या बाजूला ऑक्झिन वाढलेलं सापडलं नाही. इथिलीन या दुसऱ्या हार्मोनचाही यात हात असतो, त्यामुळे सगळं एकट्या ऑक्झिनवर ढकलता येत नाही.

आता कटिंग. अरोकेरियाची बाजूची फांदी लावली तर ती जगते पण आयुष्यभर आडवीच वाढते. माझ्याकडे अशी एक कुंडी आहे, मी तिला काठ्या बांधल्या, उजेडाकडे फिरवली, काही उपयोग नाही, कारण फांदीचा आडवेपणा तिच्या शेंड्यातच पक्का बसलेला असतो आणि हार्मोन पावडरने मुळं येतात, तो स्वभाव बदलत नाही. सरळ झाड हवं असेल तर मुख्य शेंड्याचंच कटिंग किंवा बियांचं रोप घ्या, आणि उंची कमी करायची म्हणून शेंडा छाटायचा विचार तर सोडूनच द्या, बाजूच्या फांद्या काही त्याची जागा घेत नाहीत.

कोकणात आंब्याला मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं रसायन देतात, त्याने जिब्रेलिन हे वाढीचं हार्मोन दबतं. तोच हिशोब पाइनला लावू नका, तिथे उलटं आहे, बियांसाठी वाढवलेल्या पाइनच्या बागांत शंकू यावेत म्हणून जिब्रेलिनच देतात.

आणि ती सुतळी! आधाराला घट्ट बांधलेली सुतळी किंवा तार खोडात रुतली की वरून येणारी साखर आणि ऑक्झिन तिथे अडतं, वर फुगवटा येतो आणि खाली खोड बारीकच राहतं. शिवाय वाऱ्याने थोडं हलणारं खोड जाड होतं, करकचून बांधलेलं होत नाही. तेव्हा बांधायचंच तर सैल बांधा, दर दोन-तीन महिन्यांनी गाठ बघा. कुंडी कललेली असेल तर आत्ताच सरळ करा, झाड पुढच्या नव्या थरांनी हळूहळू सावरेल, आत बनलेलं लाल लाकूड मात्र तसंच राहणार.