मधुमेह असताना संसर्गाला तोंड कसे द्यावे: शरीराची संरक्षण यंत्रणा समजून घेऊन करायची तयारी

मधुमेह असलेल्या माणसाला ताप आला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष तापाकडे लागते आणि साखर मोजायची राहून जाते. पोटात काही गेलेले नाही, मग साखर वाढेलच कशी, असा विचार करून गोळी किंवा इन्सुलिन चुकवणारेही अनेक असतात. ही समजूत जिवावर बेतू शकते, कारण आजारपणात उपाशी पोटीसुद्धा साखर चढते. ती का चढते आणि चढलेली साखर जंतूंच्या पथ्यावर कशी पडते, हे एकदा नीट कळले की पुढच्या सूचना वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पहिली पायरी: शरीरात काय घडते ते समजून घ्या

टाचेत बारीक काटा रुतला असे समजा. काट्याबरोबर जंतू आत शिरतात आणि जखमी पेशींतून सुटलेली रसायने त्यांची वर्दी जवळच्या केशवाहिनीपर्यंत पोचवतात. तिथून वाहत जाणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटतात, अंग आकसून फटीतून बाहेर पडतात, रसायनांचा माग काढत जंतूंपाशी जातात आणि त्यांना गिळून मारतात. जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचले, तेव्हा त्यांनाही काट्याभोवती अशाच भटक्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या साखळीचे अनेक दुवे सैल पडतात. पेशी जागेवर उशिरा पोचतात आणि त्यांची गिळण्याची व मारण्याची ताकद घटते. बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतील, तर जखमेपर्यंत प्राणवायू कमी पोचतो आणि प्रतिजैविकेही पुरेशी पोचत नाहीत. त्यातच पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर काटा रुतल्याचे कळतही नाही.

दुसरीकडे, जंतूंशी झुंजताना शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनालिन आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके जास्त प्रमाणात सोडते. ती यकृताला रक्तात साखर सोडायला लावतात, शिवाय कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिनमुळे इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. म्हणून माणूस काही न खाता पडून असला तरी साखर वाढत जाते. संसर्गामुळे साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेमुळे संसर्ग बळावतो, असे हे चक्र आहे, आणि ते सुरुवातीलाच तोडणे हाच या लेखातील सगळ्या उपायांचा उद्देश आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात प्रतिकारशक्ती नुसती कमी पडलेली नसते. तिनेच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ औषधांच्या मागे लागण्यापेक्षा साखर आटोक्यात ठेवणे हेच पांढऱ्या पेशींना खरे बळ देणे आहे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी पायरी: बरे असतानाच आजारपणाचा कागद तयार करा

तापाने फणफणत असताना निर्णय नीट घेता येत नाहीत. म्हणून पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे एका कागदावर लिहून घ्या: आजारी पडल्यावर कोणते औषध चालू ठेवायचे आणि कोणते थांबवायचे, कोणत्या आकड्याला इन्सुलिन किती वाढवायचे, आणि दवाखाना कधी गाठायचा. उलट्या-जुलाब होऊन शरीरातले पाणी घटले असेल, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध तात्पुरते थांबवावे लागू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, म्हणजे नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्यांबद्दल तर आवर्जून विचारा, कारण त्या चालू असताना साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही रक्तात किटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये, घातक प्रमाणात साठू शकतात.

कागदाजवळच ग्लुकोमीटर, मुदत न संपलेल्या पट्ट्या, तापमापक, किटोन तपासायच्या पट्ट्या आणि ग्लुकोज पावडर ठेवा. कागद कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवे.

तिसरी पायरी: ताप आल्याबरोबर मोजायला सुरुवात करा

डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर साधारण दर चार तासांनी साखर मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचे नसते, खाणे सुटले असले तरीही. इन्सुलिन नसेल तर पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणाऱ्या किटोनमुळे रक्त आम्लधर्मी होते. साखर २४० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊन टिकून राहिली तर किटोन तपासा. पाणी थोडे थोडे पण सतत प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण आधीच ठरवून घ्यावे.

आकडा उलट दिशेलाही जाऊ शकतो. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि आकडा अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढेच घ्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका.

सतत उलट्या होणे, पाणीही पोटात न टिकणे, श्वास खोल आणि जलद होणे, तोंडाला फळांसारखा वास येणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, यांतले काहीही दिसले की सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा.

चौथी पायरी: रोज पाय पाहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच टळते. रात्री चांगल्या उजेडात बसा. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाऊल धरा. प्रत्येक दोन बोटे हाताने अलग करून मधली जागा पाहा, कारण ओलावा आणि बुरशी तिथेच लपते. टाचेच्या भेगा, बुटाने पडलेला लाल वळ, घट्ट्याखालचा काळसर डाग, मोज्यावरचा ओला ठिपका, यांपैकी प्रत्येक गोष्ट दखल घेण्याजोगी आहे, आणि दुखत नाही म्हणून ती किरकोळ ठरत नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा तर नाही ना ते पाहा, अनवाणी चालू नका, आणि घट्टे स्वतः ब्लेडने कापू नका.

पाचवी पायरी: लसी आणि लवकर ओळखायच्या खुणा

फ्लूची लस दरवर्षी घ्या. न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या) आणि हेपॅटायटिस बीच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्यांकडे जा, कारण हिरड्यांचा जुनाट दाहही साखर वाढवतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी करून घ्या. मधुमेहात क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, एकाची दोन चित्रे दिसणे, नाकात किंवा टाळूवर काळा डाग पडणे ही म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. ही बुरशी, विशेषतः साखर फार चढलेली आणि रक्त आम्लधर्मी झालेले असताना, झपाट्याने पसरते. तिच्या बाबतीत काही तासांचा उशीरही महागात पडतो.

ताप उतरल्यावरही मोजणे लगेच थांबवू नका. संसर्ग ओसरला की इन्सुलिनची गरज पुन्हा कमी होते, आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर साखर अचानक, बहुधा रात्रीच्या झोपेत, घसरते. पहिले काही दिवस झोपण्यापूर्वीचा आकडा न चुकता पाहा, डोस डॉक्टरांना विचारून पूर्ववत करा, आणि आजारपणातले लिहिलेले आकडे पुढच्या भेटीत त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे तुमच्या कागदावरच्या ज्या सूचना या वेळी कमी पडल्या त्या दुरुस्त करता येतील.