गुण्याशिवाय शेडचा काटकोन
शेळ्यांच्या शेडची आखणी नुसत्या नजरेने केली की गडबड कळते थेट पत्रे चढवताना: एका कोपऱ्यात पत्रा वीतभर बाहेर, समोरच्या कोपऱ्यात तोकडा. गवंड्याचा गुण्या (काटकोन तपासायचं एल आकाराचं हत्यार) एवढ्या लांबीला पुरत नाही. टेप, खुंट्या आणि सुतळी असली की भागतं.

१. कोपऱ्यात खुंटी ठोकून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणा.
२. खुंटीपासून एका दोरीवर ८ फुटांवर आणि दुसरीवर ६ फुटांवर खूण करा.
३. दोन्ही खुणांमधलं अंतर नेमकं १० फूट भरेपर्यंत दुसरी दोरी सरकवा. भरलं की काटकोन झाला.
४. चारही कोपरे झाले की समोरासमोरचे कर्ण मोजा, दोन्ही सारखेच यायला हवेत. जागा असेल तर शेड १२ बाय १६ फुटांची धरा. कर्ण बरोबर २० फूट येतो, हिशोबाची कटकट नाही.

मग दोऱ्यांच्या रेषेत फक्की (आखणीची पांढरी पूड) मारा. फक्त कोपऱ्यातल्या खुंट्यांवर विसंबू नका, पाया खोदताना त्या उखडतातच. दोऱ्या दोन फूट बाहेर नेऊन तिथे पक्क्या खुंट्यांना बांधून ठेवा.