हायड्रोजन विमानांच्या कामात यायचंय? आधी एप्रन शिका

"ताई, हायड्रोजन एव्हिएशनमध्ये यायचंय, कुठला कोर्स करू?" महिन्याला असे दोन-तीन मेसेज येतात. एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

माझी वाट अशी: केमिकल इंजिनिअरिंग, मग तीन वर्षं मुंबई विमानतळावर विमानांत एटीएफ (विमानाचं नेहमीचं इंधन) भरण्याचं काम, नंतर इंग्लंडला एमएस्सी. आता चार वर्षं झाली, युरोपातल्या विमानतळांसाठी सुरक्षा अभ्यास करते. उद्या हायड्रोजनवर चालणारं विमान एप्रनवर, म्हणजे विमानतळावर विमानं उभी करायच्या आवारात, आपल्या स्टँडवर (ठरलेल्या जागी) येऊन उभं राहिलं, तर त्याला इंधन कोण, कुठून, कसं देणार आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी काय करायचं, हे ठरवणं म्हणजे माझं काम. विमान बनवणारे वेगळे. आम्ही जमिनीवरचे.

नोकरी लागल्यावर बाबांना फोन केला. ते अलिबागजवळच्या खत कारखान्यात आयुष्यभर ऑपरेटर होते. अमोनिया करायला हायड्रोजन लागतोच, त्यामुळे त्यांना या वायूचं काही अप्रूप नाही. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आणि आजूबाजूला किती माणसं असतात?"

माझं सगळं काम त्या एका प्रश्नात आलं. खत कारखान्यात, माहुलच्या रिफायनऱ्यांत हायड्रोजन कित्येक वर्षांपासून वापरात आहे; पण तिथे कुंपण असतं, प्रत्येकाला प्रशिक्षण असतं, अनोळखी माणूस आत येत नाही. स्टँडवर मात्र सामान चढवणारे, जेवण वर चढवणारी केटरिंगची हायलिफ्ट, सफाईवाल्या बायका, विमान मागे ढकलणारा टग, व्हीलचेअर ढकलणारा मदतनीस, इंजिनिअर आणि कधीकधी पायी चालत येणारे प्रवासी, सगळे एकाच वेळी हजर. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं, आणि घड्याळ सगळ्यांच्या मागे लागलेलं. वायू जुना आहे, ही जागा त्याला नवी आहे.

म्हणून कोर्स निवडण्याआधी एप्रनवर उभं राहायला शिका. मी जे शिकले त्यातलं निम्मं तिथलं आहे.

एक उदाहरण देते. पहाटेच्या शिफ्टचं आमचं पहिलं काम म्हणजे काचेच्या बरणीत इंधनाचा नमुना घेणं. बरणी उजेडासमोर धरायची, गरगर फिरवायची, मधे भोवरा पडला की तळाशी कण किंवा पाण्याचा थेंब जमतोय का ते बघायचं. मग सिरिंजला कॅप्सूल लावून थोडं इंधन ओढायचं. कॅप्सूलचा रंग बदलला तर पाणी आहे, ते इंधन विमानात जाणार नाही. डोळ्याला दिसतं, नाकाला वास येतो, हाताला तेलकट लागतं. हायड्रोजनच्या बाबतीत यातलं काहीच नाही. रंग नाही, वास नाही. फ्युएल सेलसाठी (हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रासाठी) तो ९९.९७ टक्के शुद्ध लागतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे घरच्या सिलिंडरसारखा मुद्दाम वासाचा पदार्थ मिसळायचीही सोय नाही. म्हणजे जे काम माणसाच्या डोळ्या-नाकावर चालत होतं ते सेन्सरवर न्यायचं, आणि त्या सेन्सरवर माणसाचा विश्वास बसवायचा. बरणी हातात धरलेली असली की हा बदल केवढा मोठा आहे ते कळतं.

आता थोडं शास्त्र. मोठ्या विमानांसाठी हायड्रोजन द्रवरूपात न्यावा लागतो, उणे २५३ अंश सेल्सिअसला. वजनाच्या हिशेबात तो फार उदार आहे: एका किलोत एटीएफच्या पावणेतीन पट ऊर्जा. पण एक घनमीटर द्रव हायड्रोजन जेमतेम ७१ किलो भरतो, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेला जागा साधारण चौपट लागते. टाकी मोठी, नळ्या जाड, टँकरच्या फेऱ्या जास्त. आणि विजेचा आकडा स्वतः मांडून बघा. एक किलो हायड्रोजन पाण्यापासून काढायला सुमारे ५० युनिट, तो द्रव करायला आणखी १० च्या आसपास. रोज दहा टन हवा असेल तर २५ मेगावॉट वीज अखंड लागते. विमानतळाच्या बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला की चर्चा टाकीवरून सबस्टेशनवर जाते, आणि ती तिथे जायलाच हवी.

नवीन मुलं एक वाक्य हमखास बोलतात: "हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, गळला तर वर निघून जाईल." सामान्य तापमानाला खरं आहे. पण द्रव सांडला की त्याची अतिथंड वाफ सुरुवातीला हवेपेक्षा किंचित जडच असते. ती जमिनीलगत सरपटते, तापते, मग वर उठते. तेवढ्या वेळात ती ड्रेनेजच्या जाळीत गेली तर? हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेतो, आणि लागणारी ठिणगी पेट्रोलच्या वाफेला लागते तिच्या दहाव्या हिश्शाची. म्हणून नकाशावर टँकरची जागा ठरवताना मी आधी गटारांची झाकणं शोधते.

थंडीचेही आपले प्रश्न आहेत. उघड्या पाइपवर आजूबाजूची हवाच द्रव होऊन ठिबकते, आणि त्या थेंबांत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त असतं. खाली डांबर असेल तर ते धोक्याचं. नळी साफ करायला नेहमीचा नायट्रोजन चालत नाही, कारण इतक्या थंडीत तो स्वतःच गोठतो. हेलियम लागतो, आणि तो महाग आहे.

पहिल्या वर्षीचा एक दिवस सांगते. एका सराव-आवारात आम्ही द्रव नायट्रोजन घेऊन टर्नअराउंडची, म्हणजे विमान येऊन परत निघेपर्यंतच्या कामांची, रंगीत तालीम करत होतो. नायट्रोजन पेटत नाही, म्हणून सराव त्याच्यावर. जोडणी झाली, भरणं ठरल्या वेळेत झालं. सोडवायला गेलो तर कपलिंग (नळीचा जोड) हलेना. हवा दमट होती, सांध्यावर पांढऱ्या बर्फाची जाड साय चढली होती. एक जण गरम पाण्याची किटली आणायला निघाला, त्याला सुपरवायझरने हाताला धरून थांबवलं. त्या सांध्यावर पाणी पडलं तर तेही गोठणार, आणि व्हेंटमध्ये (वाफ बाहेर सोडायच्या नळीत) शिरलं तर टाकीला श्वास घ्यायला वाटच राहणार नाही. आम्ही बावीस मिनिटं नुसते उभे होतो. वेळापत्रकात मी त्या ओळीसमोर लिहिलं होतं, "विलग करणे: १ मिनिट." त्या दिवसानंतर सांध्याभोवती कोरडा वायू सोडायची सोय आराखड्यात आली आणि प्रत्येक मिनिटाची ओळ प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय लिहायची नाही हे मी ठरवलं. तुम्हीही तेच करा.

अग्निशमन दलाबरोबर काम करायला मिळालं तर सोडू नका. हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि लांबून धगही फारशी जाणवत नाही. पूर्वी नासात माणसं पुढे झाडू धरून चालत. झाडू पेटला की ज्वाळा तिथे. आता थर्मल कॅमेरे आहेत. जवानांना सगळ्यात जड जातं ते न विझवणं. गळती बंद करता येत नसेल तर ज्योत जळू द्यायची, आजूबाजूचं थंड ठेवायचं. विझवली तर न जळलेला वायू साठतो आणि एकदम भडकतो. ज्याने वीस वर्षं फोमचा मारा केला त्याला हे सांगताना भाषा फार जपून वापरावी लागते. जर्मनीत काम करायचं असेल तर त्याच कारणासाठी जर्मन शिका. ऑफिसात इंग्रजी चालतं, फायर स्टेशनवर नाही.

आता नोकरीचं खरंखरं चित्र. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड विमानतळावरून झिरोएव्हिया कंपनीचं १९ आसनी डॉर्निअर २२८ एक इंजिन हायड्रोजन-विजेवर ठेवून दहा मिनिटं उडालं. त्याच वर्षी सप्टेंबरात स्लोव्हेनियातल्या मारिबोरहून एचवाय४ हे छोटं विमान द्रव हायड्रोजनवर तीन तासांहून जास्त उडालं. पण युनिव्हर्सल हायड्रोजन ही कंपनी २०२४ मध्ये बंद झाली, आणि एअरबसने हायड्रोजन विमानाचं २०३५ चं उद्दिष्ट २०२५ च्या सुरुवातीला पुढे ढकललं. त्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या तिघांचे प्रकल्प थांबले. हे लपवून तुम्हाला या वाटेवर बोलावणं मला बरोबर वाटत नाही.

काम मात्र आहे, आणि ते जमिनीवर आहे. मार्च २०२४ मध्ये ब्रिस्टल विमानतळावर ईझीजेट आणि भागीदारांनी सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रोजन भरून चाचणी केली, चालू विमानतळावर, नेहमीच्या उड्डाणांच्या मधे. त्याच वर्षी युरोपीय निधीतून गोलिएट प्रकल्प सुरू झाला, द्रव हायड्रोजनच्या जमिनीवरच्या हाताळणीसाठी. रॉटरडॅम, लियाँ, स्टुटगार्ट हे विमानतळ त्यात आहेत. हॅम्बुर्गला निवृत्त ए३२० विमानावर देखभाल आणि इंधन भरण्याचा अभ्यास झाला. विमान उशिरा आलं तरी ट्रॅक्टर, बस, जीपीयू (उभ्या विमानाला वीज देणारं यंत्र) आधी येतील.

शिकायचं काय? हॅझॉप आणि बो-टाय या धोके शोधून मांडायच्या पद्धती पक्क्या करा. त्या बंदरात, रिफायनरीत, कुठेही पोटाला देतात. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेचं हायरॅम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात गळतीची गणितं मांडून बघा. क्रायोजेनिकचा, म्हणजे अतिथंड द्रव हाताळायचा, हात बसायला हायड्रोजनच हवा असं नाही, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) किंवा द्रव नायट्रोजनचा टँकर चालतो. महाराष्ट्रात राहूनही सुरुवात होते: केपीआयटी आणि सीएसआयआरची हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच दाखवली गेली, आणि स्फोटक व ज्वलनशील वायूंचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरात आहे. त्यांचे गॅस सिलिंडर नियम आणि प्रेशर व्हेसल नियम वाचून काढा. कंटाळवाणे वाटतील, पण परदेशातल्या मुलाखतीत मला त्याच वाचनाचा आधार झाला.

हल्ली मुलाखती मीही घेते. स्टँडचं एक रिकामं चित्र समोर ठेवते आणि म्हणते, इंधन भरणं चालू आहे, वीस मीटरच्या आत कोण कोण आहे ते काढा. बहुतेक जण टँकर, ऑपरेटर, पायलट काढून थांबतात. मी वाट बघते ती सफाईवाली आणि व्हीलचेअरवाला काढणाऱ्याची. तेव्हा बायोडेटा पाठवाल तर एप्रनवर घालवलेले महिने सगळ्यात वर लिहा, सॉफ्टवेअरची नावं खाली. आणि एअरसाइड ड्रायव्हिंग परमिट (विमानतळाच्या आतल्या भागात गाडी चालवायचा परवाना) असेल तर तेही लिहा. मी ते आधी बघते.