नव्या पदवीतल्या या चुका टाळा: ओजेटी, एबीसी आणि मेजर-मायनरचा घोळ

नवं शैक्षणिक धोरण आपल्याकडे महाराष्ट्रात पदव्युत्तरला २०२३-२४ पासून लागू झालं आणि संलग्न महाविद्यालयांत पदवीला २०२४-२५ पासून. एव्हाना नेहमीच्या चुका तरी कमी व्हायला हव्या होत्या. कसलं काय! दर जूनला नवी पोरं येतात आणि तेच घोळ घालतात. प्रॉस्पेक्टस कोणी उघडत नाही, पण व्हॉट्सअॅपवर आलेली कुणाचीतरी पीडीएफ सगळ्यांना तोंडपाठ असते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे ओजेटीचं, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंगचं (प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट 'आणणं'. ओजेटी करायची असते, आणायची नसते. एम.कॉम.ला पहिल्याच वर्षी दुसऱ्या सत्रात ती चार क्रेडिटची आहे; क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं तासांवर मोजलेलं माप. पदवीला बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षी येते. आमच्याकडे चार क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज चार तास बसलात तरी तीस दिवस लागतात, रविवार सोडले तर पाच आठवडे. पोरं जागी होतात परीक्षेला पंधरा दिवस उरल्यावर. मग कुणाचा मामा, कुणाचा मावसभाऊ, एक लेटरहेड, एक गोल शिक्का, की झाली ओजेटी!

एका वर्षी तोंडी परीक्षेला एक मुलगा असाच आला. कर सल्लागाराच्या ऑफिसचं सर्टिफिकेट, रंगीत प्रिंट काढलेला अहवाल, स्पायरल बाइंडिंग. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरबद्दल सहज विचारलं, "टॅलीवर काम केलंस ना? पेमेंट व्हाउचर कोणती की दाबून उघडतोस?"

"मॅडम, माउसने."

बाई हसल्या नाहीत. "बरं. जीएसटीआर-वन आधी भरतात की थ्री-बी?" ही जीएसटीची दोन रिटर्न. यावर नुसती शांतता. मग त्यांनी हजेरीचा तक्ता उघडला. सगळ्या सह्या एकाच पेनने, एका दमात केलेल्या. रविवारी हजर, १ मेला हजर. कळस म्हणजे आमच्याच अंतर्गत परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा ते दोन हा गडी त्या ऑफिसात हजर होता आणि त्याच वेळी आमच्या हॉलमध्ये पेपरही लिहीत होता. बाईंनी तक्ता माझ्यापुढे सरकवला. ओजेटीत नापास. चार क्रेडिट अडकली म्हणून निकाल अडकला, आणि पुढच्या वर्षी १२० तास खरेच बसून काढावे लागले.

त्याच दिवशी एक मुलगी आली. हार्डवेअरच्या होलसेल दुकानात हिशोब बघत होती. अहवाल तिने स्वतः टाइप केलेला, समास वेडेवाकडे, शुद्धलेखनाचा आनंदच. पण तिने दुकानाचं खरेदी रजिस्टर जीएसटीआर टू-बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी यादीशी) ताडून पाहिलं होतं आणि एका सिमेंटवाल्याची बिलं त्यात दिसतच नाहीत, हे पकडलं होतं. त्याने रिटर्नच भरलं नव्हतं, म्हणजे यांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) लटकलेलं. मालकाने फोन करून त्याला भरायला लावलं. हे सांगताना तिला कागदात डोकावावं लागलं नाही, आणि पेमेंट व्हाउचरची एफ-फाइव्ह की तर न विचारताच आली. शेटजींनी तिला पुढे अर्धवेळ ठेवून घेतलं.

माझी पद्धत साधी आहे. कॉलेजचं पत्र डिसेंबर संपायच्या आत घ्या. शंभर पानी वही घाला, रोज दोनच ओळी लिहा: आज काय केलं, कुठे अडलं. दर शनिवारी मालकाची सही. ही वही विद्यापीठाच्या नियमात नाही, माझ्या नियमात आहे. जागेसाठी पुण्या-मुंबईच्या कंपनीचा हट्ट कशाला? पतसंस्था, सीएचं ऑफिस, बाजार समितीतली अडत, कृषी सेवा केंद्र, सगळीकडे शिकण्यासारखं काम असतं. आणि पैसे भरून ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट विकत घेणाऱ्यांनी माझ्याकडे येऊच नये.

दुसरा लाडका घोळ एबीसी, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या आयडीचा. तुमची क्रेडिट या बारा आकडी खात्यात जमा होतात, ती सात वर्षं चालतात, कॉलेज बदललं तरी सोबत येतात. पण आयडी डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवर चालतं. आधारवर 'नाव-वडील-आडनाव', बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, त्यात एखादं स्पेलिंग वेगळं. वर आधारला जोडलेला नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा, मग ओटीपी जाणार कुठे? परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत रडत बसण्यापेक्षा बारावीच्या सुट्टीतच आधार केंद्रात जाऊन नाव आणि नंबर दुरुस्त करा. आयडी स्वतःच्या मोबाइलवर स्वतः काढा. कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर टाकून काढून दिला, तर पुढची दुरुस्तीही त्याच्याच मर्जीने होते.

पहिल्या वर्षी कॉलेज सोडलं की आपोआप सर्टिफिकेट मिळतं, हा गैरसमज. वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट तर हवीतच, वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते.

"आता पदवी चार वर्षांची झाली", हेही खोटं. तीन वर्षांनी पदवी मिळतेच आणि स्पर्धा परीक्षांना ती चालते. चौथं वर्ष ऑनर्सचं. ते केलं तर पुढे एम.ए., एम.कॉम. एका वर्षात होतं.

बी.ए., बी.एस्सी.ला पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी एक मेजर (मुख्य विषय), एक मायनर (दुय्यम विषय) ठेवायचा असतो. तिसरा सुटतो. "सर मार्क सढळ देतात" म्हणून मेजर निवडणाऱ्यांनी आधी बघावं, की एम.एस्सी. ज्या विषयात करायची आहे तोच विषय आपण सोडत नाही ना.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा जादा विषय, आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा असतो. दर वर्षी सांगतो.

मुलींची १०० टक्के फीमाफी २०२४-२५ पासून आहे, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. केंद्रीभूत प्रवेश फेरीतून जागा घेतलेली हवी. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेऊन नंतर माफी मागायला येऊ नका.