हिंजवडीत पहिला पगार घेणाऱ्यांसाठी लवकर निवृत्तीचा हिशेब

जुन्या टीममधली पोरं हल्ली फोन करतात ती हेच विचारायला: "ताई, किती जमले की सोडायचं?" कुणाच्या डोक्यात एक कोटी असतात, कुणाच्या पाच. पण हा आकडा पगारावर ठरत नाही, तुमच्या वर्षाच्या खर्चावर ठरतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी बेचाळिसाव्या वर्षी सोडली तेव्हा टीममध्ये माझ्याहून जास्त कमावणारे बरेच होते, आणि त्यातले बहुतेक अजून ईएमआय भरताहेत.

विल्यम बेंगेन या अमेरिकन आर्थिक सल्लागारानं १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचा जुना इतिहास तपासून मांडलं, की जमलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे रक्कम वाढवत नेली, तर पैसा ३० वर्षं पुरतो. म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवायचे. 'फायर'वाले, म्हणजे पैसे जमवून लवकर निवृत्त व्हायचा ध्यास घेतलेले लोक, हेच घोकत असतात. पण बाजार तिथला आणि मुदत ३० वर्षांची. चाळिशीत बाहेर पडणाऱ्याला ४५-५० वर्षं काढायची असतात, तीही इथल्या महागाईत. म्हणून मी ३ टक्के धरले, म्हणजे ३३ पट. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. पण २५ पटीवर मला झोप लागली नसती.

एकदा ३३ पट डोक्यात बसली की खर्चाकडे बघायची नजर बदलते. महिन्याला हजार रुपयांची कुठलीही कायमची सवय म्हणजे वर्षाचे बारा हजार, गुणिले ३३, म्हणजे जवळपास चार लाख जास्तीचे जमवायचे. एखाद्या महिन्यात बाणेरला जाऊन तीन हजारांचं जेवलात तर काही बिघडत नाही. कायमचे खर्च मात्र निवडून घ्या.

आता वर्षं. महागाई वजा जाता गुंतवणुकीवर ४ टक्के सुटतात असं धरा. हातात आलेल्या पगारातला पाव हिस्सा वाचवलात, तर ३३ पट जमायला साधारण ४१ वर्षं लागतात, म्हणजे साठीनंतरचीच निवृत्ती. निम्मा वाचवलात तर २१-२२ वर्षं, ६० टक्के वाचवलेत तर १६. परतावा एक-दोन टक्के वाढवायच्या मागे लागून रात्र रात्र शेअरचे ग्रुप वाचणाऱ्यांना मी हीच तीन उत्तरं पुन्हा काढायला सांगते. पहिल्या दहा वर्षांत फरक पडतो तो किती टाकता यानं.

निम्मा पगार वाचवायचा तर पुण्यात एकाच गोष्टीवर सगळं अडतं: घर. नोकरीला दोन वर्षं झाली की घरचे फ्लॅटचा विषय काढतातच. समजा वाकडला ८० लाखांचा टू-बीएचके बघितला. वीस टक्के स्वतःचे घातले, ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार (एकट्या बाईच्या नावावर घेतलंत तर एक टक्का सूट), वर नोंदणीचे तीस हजार. तसाच फ्लॅट हप्त्याच्या निम्म्या रकमेत भाड्यानं मिळत असेल, तर उरलेले सत्तावीस-अठ्ठावीस हजार दर महिन्याला एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या ठरलेल्या मासिक गुंतवणुकीत, जाऊ शकतात. भाड्यानं राहण्यात कटकट आहे, नाही कशाला म्हणू? अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिटसाठी मिनतवाऱ्या, आणि मालकाचा मुलगा अचानक अमेरिकेतून परत येतो. शिवाय किमती वाढत जातात हाही मुद्दा खोटा नाही.

तरी माझं मत असं: नोकरी आहे तोवर ऑफिसजवळ भाड्यानं राहा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-तीन तास घालवून पेट्रोल आणि पाठ दोन्ही खर्ची पडतात. घर घ्यायचं ते बाहेर पडायची वेळ जवळ आल्यावर, कारण तेव्हा आयटी पार्कजवळचा भाव मोजायची गरज उरत नाही. आम्ही सिंहगड रस्त्याला जुन्या इमारतीत घेतलं. जुनी सोसायटी बघताना एप्रिल-मेमध्ये जा आणि टँकर किती येतात ते वॉचमनला विचारा. मेंटेनन्सचा खरा आकडा तिथे कळतो, आणि तोही ३३ नं गुणायचा आहे.

पैसे कुठे टाकावेत यावर सगळेच भरपूर बोलतात, मी थोडक्यात उरकते. पीएफ कापला जातोच. नोकरी बदलताना तो काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढला तर करही लागतो. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापर्यंत टाकता येतात, पण मुदत पंधरा वर्षांची आहे हे लक्षात ठेवून टाका. बाकी साधा निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा, आणि तो डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे एजंटाविना थेट फंड कंपनीकडून. ही सोय जानेवारी २०१३ पासून आहे, तरी ओळखीच्या एजंटला 'नाही' म्हणवत नाही म्हणून लोक रेग्युलर प्लॅन घेतात. पुढे तुम्ही वर्षाला ३ टक्क्यांवर घर चालवणार. त्यात कमिशनपोटी एक टक्का गेला, तर तुमच्या घरखर्चाच्या एक तृतीयांश रक्कम तिसराच घेऊन जातोय. ओळख तितकी महाग नसते.

घरातले मोठे सहकारी बँकेतल्या एफडीचा आग्रह धरतील, पाव-अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून. पुण्यातल्या रुपी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला, हे पुण्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत आहे, व्याज धरून. त्यापुढे एकाच बँकेत जाऊ नका.

शेअर बाजार पडतो तेव्हा काय, हा प्रश्न नोकरीत असताना फार सतावत नाही. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या वर गेला होता, २३ मार्चला तो २६ हजारांखाली बंद झाला. पगार चालू होता, एसआयपी चालू राहिली, उलट स्वस्तात युनिट मिळाले. पगार बंद झाल्यावर पहिल्याच वर्षी असं झालं तर पडलेल्या भावात विकून किराणा भरावा लागतो, आणि ते भोक पुढे बुजत नाही. म्हणून सोडायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत चार वर्षांचा खर्च एफडीत हलवून ठेवला. तो हलवतानाही एकदम विकू नका. शेअर फंडावर दीर्घ मुदतीचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्या बेतानं टप्प्याटप्प्यानं काढा.

माझा नवरा अजून शिकवतो, त्याला ते आवडतं. 'मग तुझी कसली निवृत्ती' असं ऐकवणारे नातेवाईक आहेत. त्यांचं चूक नाही; घरात एक पगार येणं हा मोठा आधार आहे. हिशेब मात्र त्याचा पगार शून्य धरूनच केला होता.

शेवटची दोन-तीन वर्षं गुंतवणुकीपेक्षा कागदपत्रांची असतात. पगाराची स्लिप बंद झाली की क्रेडिट कार्ड, गृहकर्ज, व्हिसा, सगळीकडे भुवया उंचावतात, तेव्हा जे काढायचं ते आधी काढा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, ती आली का ते तपासा. सगळ्यात महत्त्वाचा मेडिक्लेम. ऑफिसची पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि आई-वडील त्यात असतील तर तेही बाहेर पडतात. स्वतःची पॉलिसी काढली तरी आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ती निदान तितकी वर्षं आधी घ्या, बीपी-शुगर सुरू व्हायच्या आत. सत्तरीतल्या माणसाला नवी पॉलिसी मिळते, पण हप्ता ऐकून बसायला होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी ऑफिसच्या पॉलिसीवर उरकून घेतलं, क्लेम पास झाल्याचा मेसेज आला, आणि मगच राजीनामा टाकला.