पहिली गाडी म्हणून जुनी आरएक्स 100 दुरुस्त करून चालती करताना

यामाहा आरएक्स 100 या मोटारसायकलचे उत्पादन भारतात 1985 मध्ये सुरू झाले आणि 1996 मध्ये बंद पडले. त्यामुळे आज हाती लागणारी प्रत्येक गाडी निदान दोन-तीन मालकांच्या आणि बहुधा त्याहून अधिक मेकॅनिकांच्या हाताखालून गेलेली असते. तरीही नवशिक्यासाठी ती योग्य आहे, कारण 98 सीसीच्या या एक सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही, आणि गाडीला सेल्फ स्टार्टही नाही, म्हणजे खोलायला-जुळवायला भाग कमी. किमती मात्र हौशी लोकांनी अवाच्या सवा वाढवून ठेवल्या आहेत; चकाकत्या गाडीपेक्षा मळकी, पण मूळ भाग शाबूत असलेली गाडी घ्यावी.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. हँडलच्या मानेवरचा चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. तिथे घासल्याच्या किंवा नव्याने ठोकल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी ती फॉर्म 25 भरून, आरटीओत गाडी दाखवून आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर भरून वाढवून घ्यावी लागते. म्हणून नूतनीकरण केव्हापर्यंत झाले आहे हे विचारावे. हस्तांतरणाचे फॉर्म 29 आणि 30 विक्रेत्याच्या सहीनिशी घ्यावेत. जुन्या बुकाची नोंद संगणकावर चढलेली नसेल, तर ती मूळ मालकाकडूनच करवून घ्यावी आणि तोवर पूर्ण पैसे देऊ नयेत.

गाडी घरी आली की सगळ्यांचे लक्ष इंजिनकडे जाते. माझ्या मते आधी ब्रेक आणि टायर. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपूर्वीचा टायर बदलावाच. ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या पट्टीत, फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक शू, केबल आणि स्टिअरिंगचे बेअरिंग यांवरचा खर्च टाळू नये.

इंजिन जाम असेल, तर किकवर उभे राहून जोर करू नये. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचे तेल) सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग हाताने हळूहळू किक दाबून पाहावी. कव्हरचे स्क्रू जपानी घडणीचे असतात. साधा पेचकस त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि स्क्रूची फुली गोल करून ठेवतो, मग ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर राहत नाही. इथे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. तो पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत सहज मिळतो.

टाकीतले जुने पेट्रोल काढून आतला गंज साफ करावा, नाहीतर धुतलेला कार्बोरेटर दोन दिवसांत पुन्हा तुंबतो. कार्बोरेटरची जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची तोंडे, पितळेची असतात. त्यांत तार खुपसली की भोक मोठे होते, म्हणून ती क्लीनर आणि हवेनेच साफ करावीत.

सर्वांत जोखमीचा भाग ऑइल पंपाचा. आरएक्समध्ये टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जाते. गाडी वर्षानुवर्षे उभी असेल, तर नळीत हवा शिरते, ऑइल पोहोचत नाही आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. म्हणून पंपाच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही लिटरमागे 20 ते 25 मिली टू-टी ऑइल मिसळावे. धूर जास्त होईल, प्लगही काळा पडेल, पण सिलिंडर वाचेल. तो धूर ही टाकी संपल्यावर कमी व्हायला हवा. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइलही कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील (गिअर ऑइल इंजिनात शिरू न देणारी रबरी कडी) गेले असे समजावे. ते काम जाणत्या मेकॅनिककडे द्यावे, मात्र बोअर मारण्याची, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्याची, घाई त्याला करू देऊ नये. आधी सिलिंडरचे माप घ्यायला लावावे.

मिसळलेले पेट्रोल संपून नुसत्या पंपावर गाडी थोडी चालली की प्लग काढून पाहावा. टोक तपकिरी असेल तर सगळे ठीक आहे. ते काळे आणि ओलसर असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त होत आहे. पांढरे दिसले तर गाडी लगेच थांबवावी, कारण कुठेतरी हवा ओढली जात आहे किंवा जेट तुंबले आहे. रंगकाम आणि क्रोमचा विचार प्लग तपकिरी दिसल्यानंतरच करावा, आणि मूळ रंग बरा असेल तर रंगकाम करूच नये.