जुन्या सर्व्हरची रॅम वाढवायचीय? खोलायच्या आधी स्टिकर वाचा मालक

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांकडं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. त्यांच्या ऑफिसात डेलचा पॉवरएज टी११० टू आहे, २०११ चं मॉडेल, ४ जीबीच्या दोन काड्या म्हणजे ८ जीबी रॅम, आणि त्याच्यावर अकाउंट, स्टॉक, पगार सगळं, दुपारी सहा-सात जण एकदम रिमोटनं घुसले की एक बिल सेव्ह व्हायला चहा पिऊन होतो. मालक म्हणले, "नवा घ्यायला लावू नको बे, याचंच कायतरी कर की." मग रॅम वाढवली. तुमच्याकडं पण असला म्हातारा सर्व्हर असेल तर कसं करायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे रॅमच कमी पडतीय का ते बघा. सकाळी सकाळी नाही, गर्दीच्या वेळेला बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्याच्या वर चिकटून बसलीय आणि रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट (म्हणजे रॅममध्ये नाही म्हणून डिस्ककडं पळणं) सारखे उड्या मारतायत तर रॅमचाच प्रॉब्लेम, कारण रॅम भरली की विंडोज तो माल हार्डडिस्कवर टाकतं आणि हार्डडिस्क रॅमच्या मानानं बैलगाडी आहे. लिनक्स असेल तर फ्री कमांडमध्ये अव्हेलेबलचा कॉलम बघायचा, फ्रीचा नाही, लिनक्स मोकळी रॅम कॅशला, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला वापरतं त्यामुळं फ्रीचा आकडा कमीच दिसतो आणि माणूस उगंच घाबरतो. आणि रॅम अर्धी मोकळी असून पण मशीन रडत असेल तर एसएसडी टाका, रॅमनं काय फरक पडणार नाही.

दुसरं, विंडोज कुठलं आहे ते बघा. हे लई जण विसरतात. सर्व्हर २००८ आर२ चं फाउंडेशन एडिशन असेल तर ते ८ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, स्टँडर्ड असेल तर ३२ पर्यंत घेतं. म्हणजे मशीनमध्ये ३२ टाकली आणि विंडोज ८ वरच अडून बसलं तर पैसे पाण्यात. नशिबानं आमच्याकडं २०१२ आर२ स्टँडर्ड होतं.

आता खरी गोम, रॅम कुठली घ्यायची. याच्यात मी स्वतः एकदा मार खाल्लाय. दुसऱ्या एका मशीनसाठी ऑनलाइन सर्व्हर रॅम स्वस्तात दिसली, डीडीआर३ म्हणजे याच पिढीची, ८ जीबी, वर लिहिलेलं ईसीसी, म्हणजे बिटची चूक स्वतःच दुरुस्त करणारी, म्हणलं घ्या. आली, स्लॉटमध्ये मस्त बसली, लॉक पण लागलं, आणि मशीन काय चालूच होईना, नुसतं बीप. तास-दीड तास काढून-घालून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला, ती रजिस्टर्ड रॅम होती, म्हणजे काडीवर मध्ये एक जास्तीची चिप असलेली, आणि मशीनला पाहिजे होती अनबफर्ड, म्हणजे ती चिप नसलेली. डीडीआर३ मध्ये दोन्हीला २४० पिन, खाच पण एकाच जागी, त्यामुळं बसते दोन्ही, चालते मात्र एकच.

टी११० टू मध्ये बहुतेक करून झिऑन ई३ प्रोसेसर असतो, आणि या मशीनला अनबफर्ड ईसीसीच लागते. ते ओळखायचं काडीवरच्या स्टिकरवरून. तिथं पीसी३ नाहीतर पीसी३एल आणि पुढं १०६०० किंवा १२८०० असा आकडा असतो, त्या आकड्याला चिकटून जे अक्षर आहे तेच बघायचं. ई असेल तर अनबफर्ड ईसीसी, आपल्या कामाची. आर असेल तर रजिस्टर्ड, मोठ्या दोन प्रोसेसरवाल्या सर्व्हरची. यू असेल तर साधी डेस्कटॉपची. चिप मोजून पण अंदाज येतो, साध्या रॅमला एका बाजूला ८ काळ्या चिप, ईसीसीला ९, कारण ६४ बिटच्या डेटाबरोबर ८ बिट तपासणीचे जास्तीचे असतात, एखादा बिट उलटा पडला तर जागेवरच दुरुस्त होतो. रजिस्टर्ड काडीच्या मध्ये आणखी एक वेगळीच चिप दिसते.

रजिस्टर्ड रॅम स्वस्त का मिळते? मोठ्या डेटा सेंटरमधून जुने सर्व्हर निघतात तेव्हा ती ढिगानं बाजारात येते आणि घरच्या मशीनला चालत नाही म्हणून तिला गिऱ्हाईक कमी. ई वाली त्या मानानं कमी निघते, म्हणून महाग. स्वस्त दिसली की आधी अक्षर बघायचं.

अजून दोन गोष्टी घ्यायच्या आधी. या मशीनला चार स्लॉट, एका काडीची हद्द ८ जीबी, म्हणजे ३२ च्या वर जाता येत नाही, १६ जीबीची काडी आणली तर चालणार नाही. आणि स्पीडच्या मागं लागू नका, पहिल्या पिढीचा ई३ असेल तर रॅम १३३३ वरच पळते (स्टिकरवर १०६०० म्हणजे १३३३, १२८०० म्हणजे १६००), १६०० ची टाकली तरी खाली उतरून १३३३ वर येते. जुन्या-नव्या मिसळल्या तर सगळ्या हळू काडीच्या चालीनं चालतात. पीसी३एल मधला एल म्हणजे १.३५ व्होल्टवाली, साधी १.५ व्होल्टवाली. मी जुन्या दोन काढून ८ च्या चार एकसारख्या टाकल्या, भांडणच नको.

काम गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत धरलं, ऑफिसला कुणी नव्हतं. आदल्या दिवशी बॅकअप घेतला, आणि नुसता घेतला नाही, दुसऱ्या मशीनवर उघडून पण बघितला. मग नीट शटडाउन, यूपीएसमधून केबल काढायची, आणि केबल काढल्यावर पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरायचं म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो.

साइडचं झाकण काढलं आणि आत बघतोय तर हे! टॉवेलच्या कारखान्यात काय असणार, फॅनवर, हीटसिंकवर कापसाच्या तुसाची गादी. मशीन मधेच अडून बसायचं त्यात याचा पण हात होता. सोलापूरच्या मे महिन्यात तापमान ४२-४३ ला जातं, त्यात ही गोधडी पांघरून मशीन कसं चालत होतं देव जाणे. ब्लोअरनं साफ करा पण बाहेर अंगणात नेऊन, आणि फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा, हवेनं गरागरा फिरू देऊ नका, फॅनचं बेअरिंग जातं.

स्टॅटिकची काळजी आपल्याकडं जास्तच, थंडीत हवा एकदम कोरडी, त्यात अंगात स्वेटर. मनगटाचा पट्टा असेल तर लावा, नसेल तर दर वेळी काडी हातात घ्यायच्या आधी सर्व्हरच्या उघड्या लोखंडाला हात लावा. काडी कडेला धरायची, सोनेरी दातांना बोट नाही लावायचं.

जुनी काडी काढताना दोन्ही टोकाच्या खिट्ट्या बाहेर दाबायच्या, ती आपोआप वर येते. नवी घालताना खालची खाच स्लॉटच्या उंचवट्यावर आली का ते बघायचं, मग दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकाला सारखं दाबायचं, खिट्ट्या टक करून आपोआप लागल्या पाहिजेत. थोडा जोर लागतो, पण बसत नसेल तर उलटी धरलीय, जोर वाढवू नका. चारही भरायच्या नसतील तर पहिले दोन स्लॉट, पांढऱ्या खिट्टीवाले, ते आधी भरा, म्हणजे दोन्ही चॅनलला, प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही रस्त्यांना, एक-एक काडी जाते.

चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहते, नवीन रॅम मोजत असतं ते, लगेच बटण दाबून बंद करू नका. मग मेमरी बदलल्याचा मेसेज येतो, तो एरर नाही, एफ२ दाबून सेटअपमध्ये जा, ३२ जीबी दिसतीय का बघा, सेव्ह करून बाहेर या. कमी दिसली तर एखादी काडी नीट बसलेली नसते, काढून परत घाला. तरी नाही तर एक-एक काडी पहिल्या स्लॉटला लावून बघा, खराब कुठली ते कळतं.

मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, रात्रभर लावून ठेवा. एक जरी एरर आली तरी ती काडी परत द्या, सेकंडहँड घेतली असेल तर दुकानदाराकडून टेस्टिंगची मुदत आधीच बोलून घ्या. आम्ही संध्याकाळी लावून निघालो, होम मैदानावर गड्ड्यात फिरून आलो, सकाळी येऊन बघितलं तर शून्य एरर.

जुन्या दोन काड्या मी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात ठेवल्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला, कुठल्या स्लॉटला काय आणि कधी टाकली. आता बिल सेव्ह करायला वेळ लागत नाही, त्यामुळं अकाउंटवाल्या काकांचा चहा कमी झालाय आणि ते माझ्यावर जरा नाराज आहेत.